सोलर आणि गीझर एकत्र जोडून घेताना: प्रियोळच्या आमच्या न्हाणीचा अनुभव

यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातल्या आमच्या घरी सतरा माणसं होती. दीड दिवस पाऊस असा धरला होता की सोलरच्या नळ्यांवर ऊन पडलंच नाही. तरी कुणाला थंड पाण्याने अंघोळ करावी लागली नाही आणि कुणाचा हातही भाजला नाही. मला हात न भाजण्याचं समाधान जास्त आहे. मार्चमध्ये याच न्हाणीत माझ्या सासूबाईंचा हात भाजला होता, आणि त्यानंतर फोंड्याच्या एका फिटरकडून आम्ही सगळं काम नव्याने करून घेतलं. त्या कामाबद्दल हे लिहिते आहे. त्याला विचारलेलं नाही म्हणून नाव देत नाही, पण त्याने काय विचारलं, काय मोजलं आणि काय बदललं ते सगळं सांगते. तुमच्या भागात माणूस निवडताना तेच उपयोगी पडेल.

आधी घराची रचना. पुढचं घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. मागच्या बाजूला स्लॅबचं बांधकाम, खाली न्हाणी. स्लॅबवर सात वर्षांपूर्वी बसवलेला २०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर, आणि त्याच्याहून उंच लोखंडी स्टँडवर पाण्याची टाकी. जुन्या न्हाणीत चुलीवरचं तांब्याचं भाण अजून आहे. डिसेंबर ते मे सोलर पुरून उरतो. जून ते सप्टेंबर मात्र त्याच्यातून कोमट पाणी आलं तरी नशीब. सासूबाईंचं वय ८४, गुडघे धरलेले, चुलीपुढे बसून जाळ सारणं त्यांना आता जमत नाही. म्हणून गेल्या डिसेंबरात नवी न्हाणी केली, २५ लिटरचा २ किलोवॅटचा गीझर घेतला आणि शॉवरला जोर यावा म्हणून टाकीखाली प्रेशर पंप बसवला. सोलरचं पाणी गीझरमधून जाईल आणि कमी गरम असेल तेव्हा गीझर ते वाढवील, अशी आमची साधी कल्पना होती.

जानेवारीत ज्याने ही जोडणी केली त्याने दोन तासांत काम उरकलं आणि १,२०० रुपये घेतले. महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या. पंप लागला की स्लॅबवरच्या सोलरच्या उभ्या पाइपातून पाणी उडायचं. त्याला बोलावलं तर त्याने त्या पाइपाला टोपी लावून दिली. गीझरखालच्या छोट्या नळीतून थेंब पडायचे, तिलाही टोपी लावली. रात्री पाइपात धडधड ऐकू यायची. स्वयंपाकघरातल्या थंड नळातून कधी कधी कढत पाणी यायचं. आणि ओल्या पायांनी न्हाणीचा नळ धरला की बोटांत झिणझिण्या यायच्या. मी शाळेत पहिलीच्या मुलांना ओल्या हातांनी बटणाला हात लावायचा नाही असं शिकवते, आणि माझ्याच घरात दोन महिने हे चालू दिलं. याची खंत मला आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी हात धुवायला नळ सोडला आणि वाफाळतं पाणी आलं. हात आक्रसून घेईपर्यंत मनगटावर फोड आला होता. त्याच संध्याकाळी आमच्या यांनी कुंडईच्या कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून फोंड्याच्या या फिटरचा नंबर आणला.

तो सांगितल्या दिवशी आला नाही, दोन दिवसांनी आला. आला तो मात्र हत्यारांची पेटी गाडीतच ठेवून, वही घेऊन. पाहणीचे ३०० रुपये आधीच सांगितले होते. त्याचा पहिला प्रश्न होता, "बाई, उदक बांयचें काय नळाचें?" दोन्ही, मी म्हटलं. उन्हाळ्यात नळाचं, ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राहून येणारं, आणि बाकी वेळ विहिरीचं. मग विचारलं, सकाळी आधी कोण न्हातं, सोलरचा नळ सगळ्यांत शेवटी कोण वापरतं, घरात लहान मूल आहे का, लाइट किती वेळा जाते. पाऊण तास तो नुसता पाइपांच्या मागे मागे फिरला. सोलरच्या नळातलं पाणी थर्मामीटरने मोजलं, दुपारी तीन वाजता ७२ अंश. त्यानंतर त्याने पंपाची पिन काढली आणि मला नळ धरायला सांगितला. झिणझिण्या गेल्या होत्या.

तोवर आमची सगळ्यांची समजूत होती की करंट गीझरमधून येतो. त्याने समजावलं ते असं: पंपाच्या आतल्या वेटोळ्यांत ओल शिरली होती आणि त्याच्या अंगावर थोडा करंट उतरत होता. घरातली अर्थिंगची तार नावापुरती होती, तिचा जमिनीशी धड संबंधच नव्हता. पण ती तार पंप, गीझर, वॉशिंग मशीन या सगळ्यांना आपसांत जोडत होती. त्यामुळे पंपाचा करंट जमिनीत जाण्याऐवजी त्या तारेवरून गीझरच्या अंगावर आणि तिथून नळापर्यंत पोचत होता. जमिनीपर्यंत न पोचणारी अर्थिंग एका यंत्राचा दोष दुसऱ्या यंत्रात नेऊन सोडते. मीटरवर त्याने आमच्या अर्थिंगचा रोध दाखवला, ३८ ओहम. घरगुती अर्थिंग ५ ओहमच्या आत असावी असं तो म्हणाला.

कारण आमच्या पायाखालच्या जमिनीतच आहे. जांभा दगड आणि जांभी माती उन्हाळ्यात सुकली की वीज सहजी घेत नाही. पूर्वीचा खड्डा अंगणाच्या उंच कोपऱ्यात, बारा महिने कोरड्या जागी होता. नवीन खड्डा त्याने न्हाणीचं सांडपाणी जातं तिथे, केळीच्या बनाजवळ घेतला. तिथली माती मे महिन्यातसुद्धा ओली असते. काम झाल्यावर मोजलं तर ३ ओहमच्या थोडं वर. शिवाय बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. माणसाच्या अंगातून करंट गळू लागला की तो क्षणात लाइन तोडतो. साधा एमसीबी ते करत नाही, तो जादा भार आणि शॉर्ट सर्किट यांसाठी असतो. आमच्याकडे फक्त एमसीबी होता आणि आम्ही निर्धास्त होतो. २ किलोवॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, आणि त्याला भिंतीतून आलेली तार दीड चौरस मिलिमीटरची होती. सॉकेटच्या मागे तिचं आवरण काळं पडलेलं त्याने मला दाखवलं. आता चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी तार आहे आणि बटण न्हाणीच्या बाहेर.

आता पाण्याची बाजू. खरं कौशल्य तिथे लागलं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. काचेच्या नळ्यांचा साधा सोलर दाबासाठी बनवलेला नसतो. नळ्या टाकीत रबरी रिंगांवर बसवलेल्या असतात. आमचा पंप वरच्या टाकीचं पाणी ढकलत होता ते सोलरमध्येही जात होतं, म्हणून उभ्या पाइपातून पाणी उडायचं. तो उभा पाइप म्हणजे सोलरचं नाक आहे. पाणी तापलं की वाफ आणि हवा तिथून बाहेर जाते, आणि टाकीतलं पाणी उतरलं की तिथूनच हवा आत येते. त्याला टोपी लावली तर एकीकडे रिंगा सुटू शकतात आणि दुसरीकडे, पाणी उतरताना हवा न मिळाल्याने टाकी आत चेपू शकते. त्याने सगळ्यांत आधी ती टोपी काढली आणि मला हातात दिली. मग पाइप वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच नेला आणि त्याचं तोंड खाली वळवलं.

सोलरला पाणी आता वरच्या टाकीतून स्वतंत्र पाइपाने, नुसत्या उताराने येतं. न्हाणीची थंड लाइनसुद्धा पंपावरून काढली. एका बाजूला पंपाचा जोर आणि दुसऱ्या बाजूला उताराचं पाणी असं मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-थंड मिसळणाऱ्या नळात, एकत्र आलं की जास्त जोराचं पाणी कमी जोराच्या पाइपात घुसतं. स्वयंपाकघरातल्या थंड नळातून कढत पाणी यायचं तेही असंच, पंप बंद पडला की मिक्सरमधून गरम पाणी मागे सरकायचं. आता दोन्ही लाइनींना एनआरव्ही आहेत, म्हणजे पाणी एकाच दिशेने जातं. पंप दुरुस्त करून वॉशिंग मशीन आणि बागेच्या लाइनला लावला. थंड लाइनचे काही साधे पीव्हीसीचे तुकडे कढत पाण्याने मऊ पडून वाकले होते, तिथे गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी टाकला.

याची किंमत आम्ही मोजली आहे, ती लपवत नाही. टाकीपासून शॉवरपर्यंत जेमतेम साडेतीन मीटर उंची मिळते, म्हणजे साधारण ०.३५ बार दाब. आमचा मोठा, छत्रीसारखा शॉवर आता नीट चालत नाही. मुलगा पुण्याहून आला की कुरकुर करतो. मला बादली आणि तांब्या पुरतो.

गीझरखालच्या त्या थेंब पडणाऱ्या नळीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण ती बंद करायला सांगणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २७ वरून ६० अंशांवर गेलं तर त्याचं आकारमान पाव लिटरहून जास्त वाढतं. एनआरव्हीमुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडतं. गीझर तापताना ते थेंब पडायलाच हवेत. तोंड बंद केलं आणि त्यातच ठरावीक तापमानाला गीझर बंद करणारा थर्मोस्टॅट बिघडला, तर दाबाला वाटच उरत नाही. आता त्या नळीचं तोंड उघडं आहे, ती दिसेल अशा ठिकाणी, मोरीवर उतरते. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह व गीझर यांच्या मध्ये एकही बंद करायचा व्हॉल्व्ह नाही. हे एकच जरी तुम्ही आज आपल्या घरी जाऊन पाहिलंत तरी या लिहिण्याचं काम झालं.

जानेवारीतल्या जोडणीत सोलरचं पाणी, कितीही तापलेलं असो, थेट गीझरमध्ये जात होतं. एप्रिलमध्ये ते ८० अंशांवर जाऊ शकतं. घरगुती गीझर थंड पाणी तापवण्यासाठी बनवलेला असतो, आत कढत पाणी घेण्यासाठी नव्हे. त्याच्या पुस्तिकेत आत येणाऱ्या पाण्याच्या तापमानाची मर्यादा दिली आहे का, हे फिटरने पाहायला लावलं. आमच्या पुस्तिकेत ती होती आणि सोलरचं पाणी तिच्या वर जात होतं. म्हणून त्याने तीन बॉल व्हॉल्व्हची बगल दिली. एका स्थितीत सोलरचं पाणी गीझरला वळसा घालून पुढे जातं, दुसऱ्या स्थितीत गीझरमधून. व्हॉल्व्हच्या बाजूला भिंतीवर त्याने तैलरंगाने लिहिलं, "ऊन" आणि "पाऊस". सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. ऊन या स्थितीत गीझरचा एमसीबी खाली पाडून ठेवायचा, हेही तिथेच लिहिलं आहे.

दोन्ही वाटा शेवटी एका थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्हमध्ये येतात. सगळ्यांत महाग वस्तू हीच, ५,६०० रुपये, आणि मला विचाराल तर सगळ्यांत आधी घ्यायची वस्तूही हीच. मागून पाणी ६० अंशांनी येवो की ८०, हा व्हॉल्व्ह त्यात थंड पाणी मिसळून ४२ अंशांनीच पुढे सोडतो. थंड पाणी अचानक बंद झालं तर तो गरमही बंद करतो. फिटरने टाकीचा कॉक बंद करून हे आम्हाला दाखवलं. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीसुद्धा पाच-सहा सेकंदांत वाईट भाजतं, म्हाताऱ्यांची आणि मुलांची त्याहून लवकर. मी म्हटलं, मग गीझरच ४५ वर ठेवूया की. तो म्हणाला, नको. साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत, लीजनेला नावाचे जीवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसांत जातात. साठवायचं पाणी ६० वर, वापरायचं ४२ वर. जूनमध्ये "पाऊस" वर वळवताना गीझरमध्ये महिनोन्‌महिने साचलेलं पाणी आधी पूर्ण तापवून मोरीत सोडून द्यायचं, हेही त्याने वहीत लिहून दिलं.

उताराच्या दाबावर चालणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह निवडणं महत्त्वाचं आहे. दुकानात ठेवलेले काही व्हॉल्व्ह जास्त दाबासाठी असतात. तो दोन दुकानं फिरून, डब्यावरचा किमान दाब वाचून आमच्यासाठी घेऊन आला. अशा माणसाला मजुरी देताना हात आखडत नाही.

भिंतीचंही त्याच्या लक्षात आलं. २५ लिटरचा गीझर भरल्यावर ३५ किलोच्या पुढे जातो, आणि चिऱ्यात साधे फुगणारे बोल्ट धरत नाहीत, दगड भुसभुशीत असतो. जानेवारीत बसवलेला एक बोल्ट हाताने हलत होता. त्याने भिंतीला आरपार भोकं पाडून पलीकडून लोखंडी पट्टी दिली आणि लांब बोल्ट नटांनी आवळले. बाहेरून ती पट्टी दिसते, रंगवली तरी दिसते. दिसू दे.

पाण्याच्या गुणाबद्दल मला सगळ्यांत नवीन कळलं. गीझर घेताना दुकानदाराने क्षाराच्या थराची भीती घालून सॉफ्टनर गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. फिटरने विहिरीच्या पाण्यात पट्टी बुडवून पीएच दाखवला, ६ च्या आसपास. आमचं पाणी जड नाहीच, ते हलकं, किंचित आंबट आणि लोहाचं आहे. बादलीला तांबूस कड येते ती त्याचीच. असं पाणी थर धरत नाही, धातू खातं. म्हणून टाकीतला अॅनोड, म्हणजे मॅग्नेशियमची दांडी, महत्त्वाचा. तो स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. सोलरचा अॅनोड सात वर्षांत कुणी उघडून पाहिला नव्हता. काढला तर नुसती तार उरली होती. ६५० रुपयांत नवा बसला.

गॅस गीझरचा विषय आमच्याकडेही निघाला होता, नणंदेने सुचवलं, लवकर तापतं म्हणून. मी ठाम नाही म्हटलं. पावसात आपण न्हाणीची खिडकी लावून घेतो. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग, आणि माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत लावून घ्यावा, एवढं कळकळीने सांगते.

एकूण हिशोब असा: मिक्सिंग व्हॉल्व्ह ५,६००, आरसीसीबी, तार आणि बोर्ड २,९००, अर्थिंग ४,२००, पाइप आणि बाकीचे व्हॉल्व्ह ३,७००, अॅनोड ६५०, मजुरी ५,५००. पाहणीचे ३०० त्याने वजा केले, दिले २२,२५०. गीझरच्या किमतीहून कितीतरी जास्त. पण गीझर आम्ही आधीच चांगला, भारतीय मानक २०८२ चा शिक्का बघून घेतला होता, आणि तरीही फोड आलाच होता.

सेवेबद्दल तक्रारी आहेत त्याही सांगते. दोन दिवस उशीर, फोन न करता. दुसऱ्या दिवशी त्याची पोरं सिमेंटचा राडा तसाच टाकून गेली, लादीवरचे डाग मला घासून काढावे लागले. बिल आधी एका रकमेचं दिलं, मागितल्यावर तपशील लिहून दिला. पाइपांचा नकाशाही मागितल्याशिवाय दिला नाही. शेवटी मीच शाळेच्या चार्टपेपरवर काढला, त्याच्याकडून तपासून घेतला, आणि आता तो मीटरच्या पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवला आहे. उद्या दुसराच कुणी फिटर आला तर त्याला अंदाजाने काही करावं लागू नये.

जूनपासून आत्तापर्यंत सगळं नीट चाललं आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबते, लाइन तुटली की पुन्हा वर करते. चवथीच्या सकाळी हिशोब मांडला होता: गीझरमधलं २५ लिटर ६० अंशांचं पाणी थंडात मिसळून ४२ अंशांचं साधारण ५५ लिटर होतं, म्हणजे तीन बादल्या, आणि पुन्हा तापायला अर्धा तास, एक युनिट. पहाटे साडेचारला सुरुवात केली, पुरुषमंडळींसाठी जुन्या न्हाणीत भाण पेटवलं, आणि आठाच्या आत सगळे सोवळ्यात होते. सासूबाईंनी त्या दिवशी स्वतः नळ सोडून हात पुढे केला. मार्चपासून त्या आधी बोटाचं टोक लावून बघत असत.

दिवाळी झाली, पाऊस पुरता ओसरला की व्हॉल्व्ह "ऊन" वर वळवायचे आहेत, आणि तेव्हाच फिटर अॅनोड उघडून बघायला येणार आहे. या वेळी तारीख त्याच्याकडून वहीत लिहून घेतली आहे.